जुनी डीएस शिल्पकाराला द्यावी का, आणि गाडीप्रेमींचा राग कितपत रास्त आहे?

उत्तर भलतीकडे जाऊ नये म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या वडिलांची डीएस, म्हणजे सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची जुनी मोटार, बऱ्याच वर्षांपासून शेडमध्ये उभी आहे. ती चालू होत नाही, आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याइतका वेळ व पैसा तुमच्यापाशी नाही. एका शिल्पकाराने ती मागितली आहे. तो ती लांबीच्या दिशेने मधोमध चिरून दोन्ही अर्धे भाग एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर बसवणार आहे. जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या मित्रांना हे सांगितल्यावर काहींनी त्याला सरळ खून म्हटले, तर काहींनी ‘भंगारात जाण्यापेक्षा बरे’ म्हणून विषय संपवला. गाडी द्यावी का, आणि मित्रांचा राग रास्त आहे का, असे दोन प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत.

मी जुन्या गाड्या मूळ स्वरूपात आणण्याचे काम करतो आणि त्यांत डीएसचे प्रमाण मोठे आहे. कलाकृतीसाठी गाडी, आतली यंत्रणा काढून, सुरक्षितपणे मोकळी करून देण्याची कामेही माझ्याकडे येतात, त्यामुळे या वादातल्या दोन्ही बाजूंची माणसे माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. माझे मत असे की हा वाद कला श्रेष्ठ की गाडी श्रेष्ठ असा मांडला की कधीच सुटत नाही. विचारायचे ते असे: या विशिष्ट गाडीत आज असे काय शिल्लक आहे, जे चिरल्यानंतर जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाही? याचे उत्तर मिळाले की तुमचे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

आधी रागाविषयी, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या जुन्या मॉडेलचा एकच भाग मिळवण्यासाठी ज्याने वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, भंगाराची आवारे पालथी घातली, त्याला चिरलेली गाडी दिसते तेव्हा शिल्प दिसतच नाही. आपल्याला हवा असलेला दरवाजा, काच किंवा पंप वाया गेलेला दिसतो. शिवाय अशी गाडी आजवर टिकली ती कोणीतरी जपली म्हणूनच, आणि त्या अनोळखी माणसांच्या श्रमांचा मान राखावा, ही भावना मला अगदी योग्य वाटते. जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ किमान तीस वर्षे जुन्या, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक वाहन मानते आणि अशी वाहने तांत्रिक व सांस्कृतिक वारशाचा भाग आहेत असे म्हणते. वारसा म्हटले की मालकाला वाटेल ते करण्याची मुभा नैतिकदृष्ट्या तरी कमी होते, आणि तुमच्या मित्रांचे म्हणणे मुळात हेच आहे.

मात्र याच निकषावर आमचा व्यवसाय तपासला तर चित्र बरेच वेगळे दिसते. मूळ अवस्थेतल्या गाडीच्या दाराचे आतले अस्तर काढले की पुठ्ठ्याच्या मागे कारखान्यातल्या कामगाराने मेणाच्या पेन्सिलने केलेली खूण कधीकधी सापडते. पत्र्याच्या कडेला फवाऱ्याचा रंग कुठे दाट आणि कुठे विरळ बसला आहे हे दिसते, स्पॉट वेल्डमधली असमान अंतरे दिसतात, सीलंट बोटाने फिरवल्याचा ठसा दिसतो. गाडी प्रत्यक्षात कशी बांधली जात होती याचा हा पुरावा आहे आणि तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. संपूर्ण ‘रिस्टोरेशन’च्या नावाखाली बॉडी वाळूच्या माऱ्याने धातूपर्यंत सोलली, नवे पत्रे जोडले, कारखान्याने कधी दिली नव्हती एवढी चकाकी दिली, की तो सारा पुरावा एका आठवड्यात धुळीत जातो आणि मालकाला प्रदर्शनात बक्षीस मिळते. शिल्पकाराच्या करवतीने जेवढा मूळ ऐवज गेला असेल, त्याच्या कित्येक पट ऐवज आम्हा रिस्टोरेशनवाल्यांच्या हातून गेला आहे. म्हणून ‘चिरली म्हणजे नष्ट, रंगवली म्हणजे वाचली’ हे गणित मला मान्य नाही. प्रत्येक गाडीत मूळचे काय उरले आहे हे वेगळे तपासावे लागते.

तुमच्या गाडीची तपासणी केल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही, पण ती कशी करायची ते सविस्तर सांगतो, कारण डीएस ही दिसण्यावरून फसवणारी गाडी आहे. तिचे बाहेरचे जवळजवळ सगळे पत्रे बोल्टने लावलेले असतात आणि भार आतला सांगाडा पेलतो. बॉनेट ॲल्युमिनियमचे असते, छप्पर बहुतेक मॉडेलांत फायबरग्लासचे असते, आणि मागचे मडगार्ड तर एकच बोल्ट सोडला की निघते, कारण चाक बदलण्यासाठी ते काढावेच लागते. त्यामुळे बाहेरून देखणी दिसणारी डीएस आतून पूर्ण सडलेली असू शकते, आणि बाहेरून चेपलेली, रंग उडालेली डीएस आतून ठणठणीत निघू शकते.

पहिले काम म्हणजे मागची मडगार्डे आणि दरवाजे काढून दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या पाहणे. सगळ्या सांगाड्याची ताकद त्यांत असते. जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्यांवर ठोका मारत पुढून मागे जायचे. टणक पत्रा स्वच्छ, घुमणारा आवाज देतो. आतून गंजलेला पत्रा भद्द वाजतो आणि थोडा दाब दिला की टोक आत शिरते. त्यानंतर मागच्या सस्पेन्शनचे हात जिथे सांगाड्याला धरलेले असतात ती जागा, डिकीचा तळ, आणि छपराच्या कडेने झिरपलेले पाणी जिथे उतरते ते मागचे खांब पाहायचे. पूर्वी कोणी डागडुजी केली असेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहावे. ते पोलादी पत्र्यावरून अचानक सुटले तर खाली पुट्टीचा थर आहे असे समजावे. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर आणि फायबरच्या छपरावर ते मुळातच चिकटणार नाही, त्यामुळे तिथे घाबरून जाऊ नये.

दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या जागा गेल्या असतील, तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणणे म्हणजे चॅसिस नंबरच्या जुन्या पाटीभोवती नवी गाडी बांधणे होय. अशी गाडी शिल्पासाठी देण्यात मला नैतिक अडचण दिसत नाही. उलट सांगाडा टणक असेल, रंग कारखान्याचा असेल, आसनांचे कापड मूळचे असेल, तर ती चालत नसली तरी देऊ नका. इंजिन बंद पडणे हा दोष नव्हे. इंजिन उघडून बांधता येते. मूळ रंग मात्र पुन्हा बनवता येत नाही, कारण बनवला की तो मूळ राहत नाही.

मॉडेल कोणते आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. १९५५ ते १९७५ या काळात डीएस आणि तिची साधी बहीण आयडी मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. म्हणजे साधी, बंद छपराची (सलून) गाडी दुर्मिळ नाही. तुमची गाडी आँरी शाप्रों यांच्या कार्यशाळेत तयार झालेली उघड्या छपराची असेल, तर हा विषय इथेच थांबवा; कारखान्याच्या यादीतल्या तशा गाड्या जेमतेम चौदाशेच्या आत आहेत. अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्याही तशाच जपण्याजोग्या. १९६७ मध्ये डीएसचे नाक बदलले आणि दिवे काचेच्या आवरणामागे गेले, त्यामुळे त्याआधीची पुढची मडगार्डे चांगल्या अवस्थेत असतील तर त्यांची वाट पाहणारी माणसे नक्की आहेत.

आता शिल्पकाराची बाजू. तुमच्या शिल्पकाराची कल्पना ऐकताच १९९३ साली पॅरिसमध्ये झालेले एक काम आठवते. मेक्सिकोचे कलावंत गाब्रिएल ओरोस्को यांनी एक डीएस लांबीच्या दिशेने तीन भागांत कापली, मधला सुमारे ६२ सेंटीमीटरचा पट्टा काढून टाकला आणि दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या. त्या शिल्पाचे नाव ‘ला डीएस’. बाजूने पाहिले तर गाडी जशीच्या तशी दिसते, आणि समोरून पाहिले तर एखादा बाण अंगावर येतो आहे असे वाटते. त्यात इंजिन नाही, म्हणजे वेगाचा आभास पराकोटीला नेलेली ही गाडी जागची हलू शकत नाही. मला हे काम मनापासून आवडते, आणि आवडण्याचे कारण माझ्या व्यवसायाशी जोडलेले आहे: ते दुसऱ्या कोणत्याही गाडीत साधले नसते. डीएसचा पुढून मागे निमुळता होत जाणारा आकार नेमका कशामुळे उठून दिसतो, हे त्या एका कापाने दाखवले.

तो आकार घडवणारे फ्लामिनिओ बेर्तोनी हे स्वतः शिल्पकार होते, हे क्लबमधल्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही. अभियंते आंद्रे लफेव्र यांच्या यंत्ररचनेवर त्यांनी ती बॉडी हाताने घडवली. १९५७ मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात डीएसची बॉडी चाके न लावता, निव्वळ आकार म्हणून उभी करण्यात आली होती. चालत नसलेली गाडी म्हणजे गाडीचा अपमान, हे मत त्यामुळे मला पटत नाही. फरक इतकाच की मिलानमधल्या गाडीला दुसऱ्या दिवशी चाके लावता आली असती.

म्हणून शिल्पकाराला माझा पहिला प्रश्न नेहमी असा असतो की, हीच गाडी का? त्याला डीएसच्या आकाराविषयी काही म्हणायचे असेल तर त्याला खरी डीएस लागेल. त्याला केवळ ‘एक जुनी गाडी’ हवी असेल, जी लोकांना ओळखीची वाटेल आणि भिंतीवर शोभेल, तर त्यासाठी सडलेले पत्रे आणि पोकळ लोखंडी चौकट पुरते. शिल्पकार आर्मां यांनी १९८२ मध्ये पॅरिसजवळ जुई-आँ-जोसास येथे काँक्रीटच्या उंच मनोऱ्यात साठ गाड्या गाडल्या. त्या कामात संख्या आणि थर महत्त्वाचे आहेत, प्रत्येक गाडीचे मूळपण नाही. उलट मेक्सिकोचेच दामियान ओर्तेगा यांनी २००२ मध्ये एक फोक्सवॅगन बीटल पूर्ण सुटी करून तिचे भाग तारांनी छताला टांगले, जणू यंत्राची आकृती हवेत उघडली आहे. माझ्यासारख्या माणसाला ते पाहून आनंद होतो, कारण तिथे प्रत्येक भाग स्वतःच्या नात्यासकट दिसतो, आणि सुटी केलेली गाडी तत्त्वतः पुन्हा जोडताही येते. बीटल दोन कोटींहून अधिक बनल्या, हीही गोष्ट विसरू नये.

काळाचा मुद्दा मात्र मला दोन्ही बाजूंना सांगावासा वाटतो. टेक्ससमधील अमारिलोजवळ १९७४ मध्ये ‘अँट फार्म’ या कलावंतांच्या गटाने कॅडिलॅक या अमेरिकी बनावटीच्या दहा गाड्या नाक जमिनीत आणि शेपूट आकाशात अशा रोवल्या. १९४९ पासून १९६३ पर्यंतच्या मॉडेलांमधून गाडीच्या मागच्या टोकावरच्या पंखासारख्या उभ्या पत्र्यांचा चढउतार त्या रांगेत दिसतो. त्या वेळी या अकरा ते पंचवीस वर्षांच्या वापरलेल्या गाड्या होत्या, त्यांना कोणी वारसा म्हणत नव्हते. आज त्याच रांगेकडे पाहून गाडीप्रेमी हळहळतात. तुमच्या गाडीच्या बाबतीत हा दिलासा उरलेला नाही. डीएसचे मोल आज सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे निर्णय डोळसपणे घेण्याची जबाबदारी तुमच्यावर १९७४ मधल्या माणसांपेक्षा जास्त आहे.

इथवरचे म्हणणे एकत्र करायचे तर: सांगाडा सडलेला, मॉडेल सर्वसाधारण आणि कल्पनेला डीएसच हवी, अशी तिन्ही उत्तरे आली तर माझे मत गाडी द्यावी असे आहे. सांगाडा चांगला असेल तर उरलेल्या दोन उत्तरांना माझ्या लेखी किंमत नाही.

द्यायचे ठरले तर काही अटी लेखी करून घ्या. शिल्पकाराला बाहेरचा आकार हवा आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि द्रवाच्या दाबावर सस्पेन्शन व ब्रेक चालवणारी हायड्रॉलिक यंत्रणा त्याच्या उपयोगाची नाही, आणि मधोमध चिरण्यापूर्वी ती काढावीच लागणार आहे. ती क्लबकडे जाईल असे ठरवा. उच्च दाबाचा पंप, उंची राखणारे करेक्टर, ब्रेकचा व्हॉल्व्ह यांच्या आधारावर दुसऱ्या कितीतरी डीएस चालत राहू शकतात. काढताना प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा आणि तीवर यंत्रणेतल्या द्रवाचा प्रकार लिहा. सुरुवातीच्या गाड्यांत पाणी शोषणारा एलएचएस द्रव असे, १९६६ पासून हिरवा खनिज एलएचएम द्रव आला, आणि निर्यातीच्या काही गाड्यांत हा बदल त्यानंतर झाला. दोन्हींची रबरी सील वेगळी असतात. एका यंत्रणेचा भाग दुसरीत गेला तर सील फुगतात आणि ब्रेकसकट सगळी गाडी अडते. भाग पुसून फडताळात ठेवला की तो कोणत्या द्रवावर चालत होता हे नुसते पाहून सांगणे कठीण होते, म्हणून चिठ्ठी काढतानाच बांधायची.

हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. चालू यंत्रणेत दाब १५० ते १७५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) घरात असतो आणि तो आधी रीतसर सोडावा लागतो. त्यानंतरही सस्पेन्शनच्या धातूच्या पोकळ गोळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाखाली राहतो. अशा गोळ्याजवळ गॅस कटर लावणे जिवावर बेतू शकते. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातली वाफ पेट घेते. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे कोरडी घासाघीस टाळावी.

चॅसिस नंबरच्या पाटीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चॅसिस नंबरची मूळ पाटी आणि कागदपत्रे शिल्पापासून वेगळी होता कामा नयेत. ती सुटी बाजारात गेली तर कोणीतरी ती दुसऱ्या बॉडीवर बसवून तुमच्या वडिलांची गाडी म्हणून विकेल, आणि गाड्यांच्या इतिहासात एक खोटी नोंद शिरेल. पाटी सांगाड्यावरच राहील, नोंदणी तुमच्या देशाच्या नियमांनुसार रद्द केली जाईल आणि कापण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी, अस्तरे काढून छायाचित्रे घेतली जातील, असे करारात लिहा. त्या छायाचित्रांची एक प्रत क्लबकडे द्या.

शिल्प झाल्यानंतरचे हक्क कसे असतील ते देशागणिक वेगळे असते, पण तत्त्व समजून घ्या. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या ६ बिस कलमात कलावंताला आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे आज तुम्ही गाडी चिरण्यास परवानगी देऊ शकता, पण उद्या ती शिल्पाची कृती ठरल्यावर दोन अर्धे पुन्हा जोडण्यास कलावंत हरकत घेऊ शकतो. शिल्प काढून टाकण्याची वेळ आली तर भाग कोणाला मिळतील हे आत्ताच ठरवून ठेवा.

शिल्प उघड्यावर राहणार असेल तर निगेची व्यवस्थाही विचारा. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलावा पोहोचला की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते, आणि चिरलेल्या कडेला तर रंगाचे संरक्षणच नसते. कलावंत वोल्फ फोस्टेल यांनी १९७० मध्ये शिकागोत १९५७ची एक कॅडिलॅक काँक्रीटमध्ये बंद केली होती. काही दशकांनी संवर्धकांना काँक्रीटबरोबर आतल्या गाडीचीही काळजी घ्यावी लागली, आणि २०१६ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. शिल्पातली गाडी गंजायची थांबत नाही, आणि तिला जपायला अखेर पत्र्याचे काम जाणणारा माणूसच बोलवावा लागतो.

शिल्पकाराला या अटी दाखवा. ज्याला खरोखर डीएसविषयी काही सांगायचे आहे तो यांतल्या बहुतेक अटी आनंदाने मान्य करतो, आणि मोकळी करण्याचे काम चालू असताना स्वतः येऊन उभा राहतो, असा माझा अनुभव आहे. तो पाटीच्या किंवा यंत्रणेच्या अटीवर अडला, तर गाडी क्लबला सुट्या भागांसाठी द्या. तुमच्या मित्रांपैकी जे खून म्हणाले त्यांनाच आधी सांगाडा तपासायला बोलवा. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन ठोके मारले आणि पेट्या शाबूत निघाल्या, तर गाडी दुरुस्त करून चालवायला त्यांच्यापैकी कोण घेणार, हेही त्याच दिवशी विचारा.